‘रिपोर्ट उना का?’ हा प्रश्न लॉगमध्ये कुठे सापडतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जळगाव-धुळे पट्ट्यातलं ८० खाटांचं हॉस्पिटल आहे, सॉफ्टवेअर दोन वर्षांपासून चालू आहे. व्हेंडरने (सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने) फेब्रुवारी ते एप्रिलचा लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय उघडलं याची सिस्टिमने आपोआप ठेवलेली नोंद, काढून दिला, साधारण ११ लाख ओळी. कोणती स्क्रीन किती वेळा उघडली याची यादी केली तर पहिल्या नंबरवर ‘वॉर्ड लिस्ट’ आली, दुसऱ्यावर ‘लॅब रिपोर्ट’. आता डॉक्टरांसाठी नवा डॅशबोर्ड, म्हणजे लागणारी माहिती एकत्र दाखवणारी स्क्रीन, करायचा आहे, तर स्क्रीन याच क्रमाने मांडाव्यात का?

मांडू नका. निदान आत्ताच नको. तुम्ही मोजलंय ते ‘काय उघडलं’, आणि तुम्हाला शोधायचंय ते ‘काय हवं होतं आणि ते मिळालं का’. शेतरस्त्यावरच्या चाकोरीवरून गाड्या कुठून जातात ते दिसतं, गाडीत कापूस होता की केळी ते दिसत नाही. लॉगचं तसंच आहे. म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही, पण त्याला नेमके प्रश्न विचारावे लागतात आणि त्याआधी बराच कचरा काढावा लागतो.

कचऱ्यापासूनच सुरुवात करू. वॉर्ड लिस्ट पहिली का आली? बहुतेक सिस्टिममध्ये लॉगिन झाल्यावर आपोआप उघडणारी स्क्रीन तीच असते आणि ती दर मिनिटाला स्वतःच रिफ्रेश होते. तसं असेल तर एका पीसीवर दिवसाला १,४४० ओळी पडतात. वॉर्ड आणि आयसीयू मिळून असे पाच पीसी चोवीस तास चालू असतील तर दिवसाला ७,२००, नव्वद दिवसांत ६,४८,०००. म्हणजे तुमच्या ११ लाखांतल्या निम्म्याहून जास्त ओळी कुठल्याही माणसाने केलेल्या नाहीत. हे तपासायची सोपी रीत अशी: सिस्टिममध्ये एक खोटा रुग्ण तयार करा, घड्याळ समोर ठेवून एकेक काम करा (लॅब उघडली, परत आलो, औषध लिहिलं, सेव्ह केलं) आणि प्रत्येक क्लिकमागे लॉगमध्ये किती ओळी पडतात ते वहीत लिहा. एका क्लिकला चार ओळी पडतात, औषध सेव्ह केलं की सिस्टिम स्वतःच बिलिंगवर नेते, असं बरंच त्यात उघड होईल. सिस्टिमने स्वतःहून केलेल्या उड्या नंतरच्या विश्लेषणातून वगळायच्या. नाही वगळल्या तर ‘डॉक्टरांना औषधानंतर बिल बघायला आवडतं’ असा निष्कर्ष निघेल, आणि मीटिंगमध्ये कोणी हसणारही नाही.

अजून तीन गोष्टी पहिल्या दिवशीच बघून घ्या. लॉगमध्ये नुसतं ‘बघणं’ नोंदलं जातं का, हे व्हेंडरकडून लेखी घ्या. अनेक सिस्टिम फक्त नवी नोंद, बदल आणि डिलीट एवढंच नोंदवतात. तसं असेल तर हा अभ्यास इथेच थांबतो, आधी ते सेटिंग चालू करून घ्यावं लागेल. दुसरी गोष्ट वेळेची. ओपीडीची गर्दी पहाटे साडेचारला दिसत असेल तर घाबरू नका, सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे आहे. तिसरी एक्सेलची. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. फाइल उघडताना तो तसं सांगतो, आपण ओके दाबून पुढे जातो. तुमच्या हिशेबात शेवटच्या ५० हजारांहून जास्त ओळी, म्हणजे एप्रिलअखेरचे चारेक दिवस, गायब झालेले असू शकतात. फाइल एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषेत घ्या, साध्या लॅपटॉपवर हे काम होतं.

यापुढचा अडथळा मात्र सॉफ्टवेअरचा नाही, माणसांचा आहे. ‘आयसीयू१’ नावाचं एकच लॉगिन सगळे वापरतात का? पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली आहे का? डॉक्टरांच्या आयडीने सिस्टर ऑर्डर टाकतात का? या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर लॉगवरून व्यक्ती ओळखता येणार नाही, फार तर जागा आणि पाळी ओळखता येईल. तेवढ्यावरही बरंच काम होतं, फक्त अहवालात ‘डॉक्टर’ असं न लिहिता ‘आयसीयूचा पीसी, रात्रपाळी’ असं लिहा.

आपल्याकडच्या हॉस्पिटलांत याच्याही पुढची एक गंमत असते. व्हिजिटिंग कन्सल्टंट सहसा माऊसला हात लावत नाहीत. ते राऊंडला येतात, आरएमओला (निवासी डॉक्टरला) विचारतात, “काल क्रिएटिनिन किती होतं? लघवी किती झाली?” आणि आरएमओ पीसीकडे वळतो (क्रिएटिनिन म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा). लॉगमध्ये क्लिक आरएमओची पडते, पण गरज कन्सल्टंटची असते. म्हणून ‘कन्सल्टंट सिस्टिम वापरतच नाहीत, त्यांना त्यात रस नाही’ हा निष्कर्ष जवळजवळ नेहमी चुकतो. राऊंडच्या तासाभरात आरएमओच्या आयडीवर झालेली उघडझाप वेगळी काढा. ती कन्सल्टंटच्या प्रश्नांची यादी आहे. त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात झालेल्या प्रिंट बघा, कारण राऊंडला काय विचारलं जाणार हे आरएमओला ठाऊक असतं आणि तो ते आधीच कागदावर काढून खिशात ठेवतो. माझ्या मते प्रिंटचा लॉग हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात बोलका भाग आहे. जे रोज सकाळी साडेआठला छापलं जातं, ते स्क्रीनवर सोयीचं नाही एवढं नक्की धरा.

आता ओळींचे गट पाडायचे. एकच आयडी, एकच रुग्ण, आणि दोन क्लिकमध्ये पाच मिनिटांपेक्षा कमी अंतर, याला एक ‘बैठक’ म्हणू. लॉगआउटवर विसंबू नका, वॉर्डात लॉगआउट कोणी करत नाही. पाच मिनिटंच का, तर त्यात पवित्र असं काही नाही. सगळ्या क्लिकमधल्या अंतरांचा आलेख काढा, त्यात सहसा एक खळगा दिसतो, तिथे कापा. ओपीडीत तो दोन-तीन मिनिटांवर येऊ शकतो, वॉर्डात लांब. मग ३, ५ आणि १० मिनिटं धरून तेच गणित तीनदा करा. निष्कर्ष तिन्ही वेळा टिकला तरच सांगा.

बैठका तयार झाल्या की त्यांत वापराचे नमुने, म्हणजे पुन्हापुन्हा दिसणाऱ्या तऱ्हा, शोधायच्या. पहिला नमुना फोल फेऱ्यांचा. लॅबमध्ये दिवसभर फोन वाजतो आणि पलीकडून अहिराणीत एकच प्रश्न येतो, “रिपोर्ट उना का?”, म्हणजे रिपोर्ट आला का. तोच प्रश्न लॉगमध्ये असा दिसतो: क्रिएटिनिनसाठी रक्ताचा नमुना लॅबला ११:१० ला पोहोचला. रिपोर्टची स्क्रीन ११:४० ला उघडली, १२:०५ ला उघडली, १२:२० ला उघडली. लॅबने रिपोर्ट पक्का केला १२:४५ ला. स्क्रीन १२:५० ला पुन्हा उघडली. तुमच्या यादीत हे लॅब रिपोर्टचे चार ‘वापर’ म्हणून जमा झाले. खरं तर यातल्या तीन फेऱ्या रिकाम्या हाताने परतलेल्या आहेत. त्या तीन वेळा डॉक्टरांना आकडा हवा होता खरा, पण सिस्टिम देऊ शकली असती ते उत्तर वेगळंच होतं: नमुना पोहोचला का, मशीनवर लागला का, अजून किती वेळ. हे शोधायला नुसता वापराचा लॉग पुरत नाही, लॅबच्या टेबलमधली ‘नमुना मिळाला’ आणि ‘रिपोर्ट पक्का केला’ या दोन वेळा त्याला जोडाव्या लागतात. दर १०० तपासण्यांमागे किती फोल फेऱ्या, हा आकडा तपासणीनुसार काढा. इथे उपाय डॅशबोर्डचा नाहीच. वॉर्ड लिस्टमध्ये प्रत्येक तपासणीपुढे स्थिती दाखवणारा एक छोटा रकाना आणि धोक्याच्या आकड्याला मोबाइलवर मेसेज, एवढ्याने बरंच भागतं.

दुसरा नमुना मागे-पुढे जाण्याचा: लॅब, औषध, पुन्हा लॅब, आणि हे सगळं दोन मिनिटांत. अमिकासिनसारखं अँटिबायोटिक लिहिताना क्रिएटिनिन आणि वजन दोन्ही लागतं. क्रिएटिनिन लॅबच्या स्क्रीनवर आहे, वजन सिस्टरच्या नोंदीत आहे, डोस तिसऱ्याच स्क्रीनवर लिहायचा आहे. माणूस आकडा डोक्यात धरून स्क्रीन बदलतो, मध्ये कोणीतरी हाक मारतं, आकडा विसरतो, परत जातो. हे शोधायला प्रत्येक स्क्रीनवरून पुढच्या स्क्रीनवर किती वेळा गेलं याचा तक्ता करा. २० स्क्रीन असतील तर ४०० चौकटी होतात. त्यातल्या सिस्टिमने केलेल्या उड्या खोडा आणि ‘अ-ब-अ’ अशा जोड्या मोजा. वरच्या चार-पाच जोड्यांवर तुमचा खरा डॅशबोर्ड उभा राहतो: औषध लिहायच्या स्क्रीनवरच शेवटचं क्रिएटिनिन, त्याची तारीख आणि वजन. तारीख विसरू नका. तारखेशिवाय दिसणारं जुनं क्रिएटिनिन न दिसण्यापेक्षा वाईट.

तिसरा नमुना शोध फसण्याचा. रुग्णाचं नाव टाकलं, काही सापडलं नाही, पुन्हा टाकलं, मग नवी नोंदणी केली. इंग्रजी अक्षरांत पावरा, वसावे, पाडवी ही आडनावं लोक दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, डब्ल्यू की व्ही, मधला ए आहे की नाही. गावाच्या नावांचं तेच. शोध फसल्यावर दहा मिनिटांच्या आत झालेली नवी नोंदणी वेगळी काढा आणि त्यातल्या शंभर हाताने तपासा. जितके रुग्ण जुने निघतील तितक्यांचा मागचा सगळा इतिहास डॉक्टरांपुरता पुसला गेला आहे. यावर मोबाइल नंबर, वय आणि गाव मिळून शोध, उच्चारावर जुळणारा शोध, आणि आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर) असेल तर तो, असा क्रम ठेवा. ही गरज डॉक्टर मुलाखतीत कधीच सांगत नाहीत, कारण ती त्यांना नोंदणी काउंटरची वाटते.

चौथा नमुना म्हणजे पुन्हा केलेली तपासणी, आणि नंदुरबारकडून रुग्ण येत असतील तर सिकलसेलवर तो हमखास दिसेल. जुनी लॅब उघडली, काही नव्हतं, दोन मिनिटांत सोल्युबिलिटीची (सिकलसेलच्या प्राथमिक रक्ततपासणीची) ऑर्डर टाकली. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झालं, शिबिरांतून तपासण्या होतात, पण तो निकाल रुग्णाच्या कार्डावर असतो आणि कार्ड धडगावला घरी असतं. इथे नुसता ‘सिकल: होय/नाही’ असा रकाना देऊ नका. सोल्युबिलिटी टेस्ट वाहक आणि आजारी यांत फरक करत नाही, सहा महिन्यांच्या आतल्या बाळात ती भरवशाची नाही, आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचा, निकालही फसवू शकतो. म्हणून रकान्यात निकाल, तपासणीची पद्धत, तारीख आणि शेवटचं रक्त कधी चढवलं, अशा चार गोष्टी हव्यात. लॉग तुम्हाला ‘इथे काहीतरी सापडत नाहीये’ एवढंच सांगेल. काय दाखवायचं ते वैद्यकातूनच ठरवावं लागतं.

आता लॉगच्या बाहेरच्या जगाकडे. तुमचे तीन महिने फेब्रुवारी ते एप्रिल आहेत. म्हणजे यात पावसाळ्यातले सर्पदंश नाहीत, डेंग्यूतली प्लेटलेटची धावपळ नाही, कपाशीवरच्या फवारणीतली विषबाधा नाही, मे महिन्यातला भुसावळचा उष्माघातही नाही. या काळात डॉक्टरांचे प्रश्न पार बदलतात. सर्पदंशच घ्या. पहिल्या तासातली कळीची तपासणी म्हणजे वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. ती काचेच्या कोरड्या नळीत खाटेजवळ होते आणि निकाल केसपेपरवर लिहिला जातो. सिस्टिममध्ये त्याचा मागमूस नसतो. लॉग बघणाऱ्याला वाटेल की घोणस चावलेल्या रुग्णाबद्दल कोणाला काही बघायचंच नव्हतं. त्या तासात कॅज्युअल्टीतून उघडली गेलेली एकच स्क्रीन कदाचित सापडेल, मेडिकल स्टोअरच्या साठ्याची. कारण रात्री दोनला प्रश्न असतो तो सर्पविषरोधक लसीच्या किती बाटल्या हातात आहेत हा. सुरुवातीलाच साधारण दहा लागतात. तो आकडा कॅज्युअल्टीच्या स्क्रीनवर एक्स्पायरीसकट कायम दिसायला हवा, आणि ही सुधारणा वापराच्या यादीत पन्नासाव्या नंबरवरही आली नसती. तेव्हा जूनपासूनचा लॉगही मागवा.

लाइट गेली की आणखी एक घोळ होतो. सगळं कागदावर चालतं आणि रात्री नऊला कोणीतरी बसून भरतं. लॉगला वाटतं नऊ वाजता वॉर्डात प्रचंड हालचाल आहे. घटनेची वेळ आणि नोंदीची वेळ असे दोन कॉलम असतील तर त्यांतला फरक काढा, तासापेक्षा जास्त असलेल्या नोंदी वेगळ्या ठेवा.

मग माणसांना विचारायचंच नाही का? विचारायचं, पण ‘तुम्हाला काय माहिती लागते?’ असं नाही. अमेरिकेत १९८५ साली कोवेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानतात. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं की आठवड्यातून एखादी शंका येते. प्रत्यक्ष दवाखान्यात सोबत राहून विचारलं तर दर तीन रुग्णांमागे दोन प्रश्न निघाले, आणि त्यांतल्या सुमारे ३० टक्क्यांनाच रुग्ण समोर असताना उत्तर मिळालं. तेही बहुतेक वेळा दुसऱ्या डॉक्टरकडून किंवा सहकाऱ्याकडून. आपल्याकडे आज ते काम व्हॉट्सॲप ग्रुप करतो, आणि तो तुमच्या लॉगमध्ये नाही. म्हणून रोजच्या ताज्या लॉगमधून एकूण ३० बैठका निवडा, प्रत्येक नमुन्याच्या सात-आठ, आणि दुसऱ्या दिवशीच विचारा: “काल १२:२० ला दहा नंबरच्या पेशंटचा रिपोर्ट परत उघडला होता, तेव्हा काय बघत होतात? मिळालं का? नाही तर मग कुठून घेतलं?” चोवीस तासांनंतर आठवण पुसट होते. सोबत एक अर्धा दिवस ओपीडीत आणि एक रात्र कॅज्युअल्टीत वही घेऊन बसा. फोन, व्हॉट्सॲप, सिनियरला विचारणं, मोबाइलवर शोधणं, प्रत्येकाला एक रेघ. याच पद्धतीने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जेम्स सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाच्या ओघात पडणारे प्रश्न अभ्यासले आणि जिथे प्रश्न पडतो तिथेच त्या संदर्भातलं उत्तर देणारं ‘इन्फोबटन’ पुढे आणलं. प्रश्न पडण्याची जागा नक्की केली की उत्तराची जागा आपोआप ठरते.

विचारायला जाण्याआधी एक गोष्ट लेखी ठरवून घ्या: हा लॉग हजेरीसाठी, पगारवाढीसाठी किंवा ‘कोण किती काम करतं’ हे काढण्यासाठी वापरला जाणार नाही. मॅनेजमेंटला हा मोह होतोच. एकदा स्टाफला तसा वास आला की पुढच्या महिन्यात लोक उगाच स्क्रीन उघडून ठेवतील आणि तुमचा लॉग कामाचा राहणार नाही. रुग्ण आणि स्टाफ दोघांचे आयडी बदलून घ्या, मूळ जुळणीची किल्ली विश्लेषण न करणाऱ्या माणसाकडे द्या. मुलाखतींसाठी निवडलेल्या ३० बैठकांपुरती ओळख त्याच्याकडून घ्या, काम झालं की पुसा. नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. लहान पाड्याचं नाव आणि दुर्मीळ आजार एकत्र आले की रुग्ण कोण ते अख्ख्या तालुक्याला कळतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, तेव्हा संमतीपत्रात काय लिहिलंय ते वकिलाला एकदा दाखवा.

बदल करताना एका वेळी एकच करा. आधीचे चार आठवडे, नंतरचे चार आठवडे, दोन्हींत तेच वार. मध्ये दिवाळी नको, आणि व्हेंडरचं अपडेट तर नकोच, कारण त्यात स्क्रीनची नावं बदलतात आणि तुम्हाला वाटतं जुनी स्क्रीन लोकांनी सोडून दिली. स्थितीचा रकाना दिल्यावर फोल फेऱ्या कमी झाल्या तर लगेच पेढे वाटू नका. लोकांनी कंटाळून स्क्रीन बघणं सोडलं आणि फोन वाढले, असंही असू शकतं. लॅबच्या फोनशेजारी एक पॅड ठेवा, “रिपोर्ट उना का?” आला की टेक्निशियनने एक रेघ मारायची. फेऱ्या आणि रेघा दोन्ही उतरल्या तरच उपाय लागू पडला.

पुढचं सांगायला मला तुमच्या लॉगमधल्या कॉलमांची नावं लागतील, आणि लॅबच्या टेबलमध्ये ‘पक्का केला’ ही वेळ वेगळी साठवली जाते का तेवढं. फक्त कॉलमांची नावं टाका, खऱ्या डेटाची एकही ओळ इथे टाकू नका.